दूध कमी नाही, आईला वेळ कमी पडतो

"हिले दूधच नाई उतरत, वरचं सुरू करा." अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात ऐका, बडनेऱ्यात ऐका, नाहीतर अकोल्याच्या कुठल्याही वस्तीत ऐका. बाळंतीण घरी येऊन आठ दिवस झाले की हे वाक्य कोणीतरी बोलतेच. बोलणारी बहुधा मायेनेच बोलते. सासू असते, आत्या असते, शेजारची काकू असते. पण त्या एका वाक्याने आईचा धीर जातो, घरात बाटली येते आणि पंधरा दिवसांत दूध खरोखर कमी होते. मग सगळे म्हणतात, पाहा, आम्ही म्हणतच होतो.

आमचे मत असे आहे की हे वाक्य आपल्या वस्त्यांतून हद्दपार झाले पाहिजे. शरीराच्याच कारणाने दूध कमी असलेल्या स्त्रिया फार थोड्या असतात. बाकीच्यांना ते कमी पडते, कारण बाळ नीट धरले जात नाही, पुरेशा वेळा घेतले जात नाही आणि आई निवांत बसू शकत नाही. बाळ कसे धरायचे ते आई शिकू शकते. निवांत बसणे मात्र तिच्या एकटीच्या हाती नसते. ते सासूच्या, नवऱ्याच्या आणि ती जिथे कामाला जाते तिथल्या मालकाच्या हाती असते. म्हणून हा लेख केवळ बाळंतिणीने वाचायचा नाही. घरातल्या पुरुषांनी तर जरूर वाचावा.

दूध तयार कसे होते ते आधी समजून घेऊ. स्तन म्हणजे भरून ठेवलेला माठ नव्हे, की दोनदा पाजले आणि रिकामा झाला. तो उन्हाळ्यातल्या नदीपात्रातल्या झिऱ्यासारखा असतो. जितके उपसाल तितके झिरपत येते, उपसणे थांबले की झिरा आटतो. बाळ जितक्या वेळा ओढेल तितके दूध आईचे शरीर बनवते. वरच्या दुधाचा एक बाटलीभर पाजा झाला की बाळ तीन-चार तास झोपते, तेवढा वेळ स्तन ओढला जात नाही आणि शरीराला निरोप जातो की मागणी कमी झाली. "पुरत नाही" म्हणून दिलेली बाटली दूध न पुरण्याचे कारण होऊन बसते ती अशी.

सुरुवात जन्मानंतरच्या पहिल्या तासात व्हायला हवी. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली शंभरातली जवळपास ८९ बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे शंभरात ४२ च्या आसपासच आहेत. म्हणजे आई दवाखान्यात पोचली, डॉक्टर-नर्स समोर होत्या, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास वाया गेला. वॉर्डात गर्दी असते, एका नर्सकडे अनेक बाळंतिणी असतात, हे आम्हाला मान्य आहे. पण अमरावतीचे डफरीन असो, अकोल्याचे लेडी हार्डिंग असो की खाजगी दवाखाना असो, "माझं बाळ छातीशी द्या" असे म्हणायचा आईला हक्क आहे आणि सोबत गेलेल्या बाईने तिच्या वतीने ते म्हटले पाहिजे. सिझर झाले तरी हेच. भूल बहुतेक वेळा कमरेखालची असते, आई शुद्धीवर असते. कोणीतरी बाळाला धरून छातीशी लावले की काम होते.

पहिले दोन-तीन दिवस जे पिवळसर, घट्ट दूध येते तो चीक. तो चमचाभरच येतो आणि बाळाचे पोटही तेवढेच असते. रोगांशी लढण्याची शक्ती त्यात भरलेली असते, म्हणून कोणी त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. तो पिळून टाकणे, त्याऐवजी मध चाटवणे, गुळाचे किंवा साखरेचे पाणी देणे, घुटी उगाळणे हे सगळे नुकसानीचे आहे. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. आपल्या घरांनी पाचवीची पूजा सोडली, सटवाई नशीब लिहिते हे मानायचे सोडले. घुटी मात्र ठेवली. परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते घुटीच्या सहाणेलाही लागू आहे.

आता बाळ धरायचे कसे. हे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक अडचणी इथेच सुरू होतात आणि इथेच सुटतात.

आईने आधी स्वतः टेकून बसावे. पाठीला उशी किंवा गोधडीची घडी, मांडीवर दुसरी घडी. वाकून पाजू नये. बाळाला छातीकडे आणायचे. बाळाचे सगळे अंग आईकडे वळलेले हवे, पोटाला पोट लागलेले. कान, खांदा आणि कंबर एका ओळीत. मान वळवून प्यावे लागले तर बाळ नीट गिळू शकत नाही. (आपणही मान खांद्याकडे वळवून पाणी पिऊन पाहावे.) डाव्या बाजूला पाजायचे तर बाळाला उजव्या हाताने धरावे. तळहात बाळाच्या खांद्यांमध्ये, अंगठा एका कानामागे, बोटे दुसऱ्या कानामागे; डोके मागून दाबायचे नाही. डाव्या हाताने स्तनाला खालून आधार द्यावा, बोटे काळ्या भागापासून लांब ठेवावीत. बोंड बाळाच्या नाकासमोर आणून वरच्या ओठाला हलकेच लावावे आणि थांबावे. बाळ जांभईसारखे मोठे तोंड उघडते. तेव्हाच त्याला पटकन जवळ घ्यावे.

तोंडात नुसते बोंड जाता कामा नये. काळा भागही जायला हवा, त्यातला खालचा जास्त. पकड बरोबर असेल तर बाळाची हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळे, खालचा ओठ बाहेर मुडपलेला आणि गाल भरलेले दिसतात. आधी भराभर चोखते, मग संथ, आणि गिळल्याचा आवाज येतो. चटचट आवाज येत असेल, गालाला खळ्या पडत असतील, आईला कळ येत असेल तर पकड चुकली. बाळाला ओढून काढू नये. स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारली की ते सुटते. मग पुन्हा लावावे. सिझर झालेल्या आईने कुशीवर झोपून पाजावे, किंवा बाळ काखेखाली धरावे म्हणजे टाक्यांवर भार येत नाही.

बोंडांना चिरा पडतात त्याही बहुधा चुकीच्या पकडीनेच. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यावे आणि पुढच्या वेळी पकड सुधारावी. स्तन दगडासारखे झाले तर कोमट फडक्याने शेकून थोडे दूध हाताने काढावे, काळा भाग मऊ झाला की बाळाला लावावे. एखादी जागा लाल, गरम, दुखरी झाली आणि ताप आला तर दवाखान्यात जावे, पण पाजणे थांबवू नये. थांबवले की गाठ वाढते.

एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्यावी, मग दुसरी द्यावी. शेवटचे दूध जास्त स्निग्ध असते आणि वजन त्याने वाढते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचे आहे, रात्रीसुद्धा. रात्रीच्या पाजण्याने दूध वाढायला विशेष मदत होते. घड्याळ पाहू नये. बाळ ओठ चाटू लागले, मूठ तोंडात घालू लागले की घ्यावे. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे.

पुरते की नाही, हे कशावरून कळणार? रडण्यावरून कळत नाही. संध्याकाळी बाळे उगाचही रडतात आणि दर अर्ध्या तासाला छाती मागतात. ते दूध कमी असल्याचे लक्षण नव्हे. स्तन मऊ लागतात म्हणूनही घाबरू नये, महिन्याभरात ते मऊ होतातच. लंगोट मोजावे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर, इतर काहीही न देता, दिवसात सहा किंवा जास्त लंगोट लघवीने ओले होत असतील तर दूध पोचते आहे. आणि वजन करावे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांत भरून येते, त्यानंतर पहिले काही महिने दर महिन्याला किमान अर्धा किलो वाढायला हवे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचे असते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिला चहा देऊन वाटेला लावू नका. "माझ्यासमोर बसा आणि मी पाजते ते पाहा" असे सांगा. वजन तिच्याकडून करून घ्या.

उन्हाळ्याचे वेगळे सांगावे लागेल. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात दुपारी माणूस भाजून निघतो. "लेकराचा घसा सुकते, त्याले पाणी पाजा" हे कोणालाही पटेल. पण सहा महिन्यांच्या आत पाणी द्यायचे नाही, वऱ्हाडातल्या उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात शंभरातले जवळपास ८८ भाग पाणीच असते. बाळ दर वेळी थोडे पिऊन सोडत असेल तर ते तहान भागवते आहे. त्याला जास्त वेळा घ्यावे. पाण्याने इवलेसे पोट भरते, दूध कमी जाते आणि टँकरच्या किंवा साठवलेल्या पाण्यातून हगवण लागते ती वेगळी. पाण्याचा तांब्या आईजवळ ठेवा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडे रीत आहे, ती सोडावी. तिला तहानेपुरते हवे तितके पाणी मिळाले पाहिजे. ओले फडके टांगून खोली गार करा, बाळाचे झबले काढा, दुपारी घरातली सर्वांत थंड जागा त्या दोघांना द्या.

जेवणाचेही तसेच. दूध वाढवणारा जादूचा पदार्थ कुठलाच नाही. अळीव, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस घरात असेल तर खुशाल द्या, नसेल तर कर्ज काढू नका. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, अंडे, मासळी, केळ, जे घरात शिजते ते दोनदाऐवजी चारदा मिळावे. "वातूळ आहे, थंड आहे" म्हणून डाळ आणि फळे बंद करणे म्हणजे अशक्त बाईला उपाशी ठेवणे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या अंगणवाडीताई किंवा आशाताईकडून मागून घ्याव्यात. खर्रा आणि तंबाखूची मशेरी सोडावी. तंबाखूचे विष दुधात उतरते. आणि बापाने घरात बिडी ओढू नये.

आपल्या विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही बराच आहे, म्हणून लोक हमखास विचारतात. सिकलसेल दुधातून जात नाही, तो आई-बापाच्या रक्तातून जन्मतः येतो. वाहक आईने निःशंक पाजावे. आजार असलेल्या आईनेही पाजता येते, फक्त ती हायड्रॉक्सीयुरिया घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी किंवा पाजणे, काहीही मनाने बंद करू नये. क्षयरोगाचे किंवा एचआयव्हीचे औषध चालू असलेल्या आईनेही असेच आपल्या केंद्रावर विचारावे. "तू नको पाजू" हा शेजारपाजारचा निकाल मानू नये.

आता वेळेकडे येतो. एक वेळ पाजायला वीस मिनिटे ते पाऊण तास धरला, तर आठ-दहा वेळांचे रोज पाच-सहा तास होतात. म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी. ज्या घरात बाळंतीण विसाव्या दिवशी धुण्याला बसते आणि नळाच्या रांगेत उभी राहते, तिथे हे तास येणार कुठून? "आमच्या काळी आम्हीपण केलं" हे सासूबाईंचे म्हणणे खरे असते. पण त्या काळी किती बाळे गेली, हेही त्यांनाच ठाऊक असते. पुरुषांनी बाळाला ढेकर काढावी, लंगोट धुवावेत, पाणी भरावे, स्वयंपाकाला हात लावावा. यात नवऱ्याचे काही कमी होत नाही.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी आपली चार लेकरे गमावली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. पुढे दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, पण स्त्रीच्या श्रमातून फायदा घेणारा मालकही त्यातून सुटत नाही, हेही त्यांनी मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातली दुरुस्ती त्यांनीच मांडली. बाळंतपणाची रजा हा मालकाचा उपकार नसून हक्क आहे, हा विचार आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

आज कायद्यात पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या आहेत, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. आपल्यातल्या ज्या लेकी-सुना दुकानात, शाळेत, कारखान्यात नोकरी करतात त्यांनी हे मागितलेच पाहिजे. पण धुणीभांडी करणारी, बिगारी काम करणारी, वावरात निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणारी बाई यात येत नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते. बाळाला घ्यायला थांबली की तेवढे पैसे गेले. ही उणीव भरून काढण्याची मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी असे आम्हाला वाटते. जयंतीच्या मिरवणुकीइतकी ताकद एका वर्षी या मागणीला लावली तर बिघडणार नाही.

तोवर जे मिळते ते तरी सोडू नये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात; अर्ज अंगणवाडीतून किंवा आशाताईमार्फत होतो. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्यांनी बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद केली असेल तर बाळंतपणाची वेगळी मदत आहे. नोंद बाळंतपणाच्या आधी झालेली हवी, म्हणून पोट दिसू लागताच कागद जमवायला लागावे.

कामावर जावेच लागणाऱ्या आईने दूध काढून ठेवावे. हात धुऊन, उकळलेल्या पाण्यातून काढलेल्या स्टीलच्या वाटीत, काळ्या भागाच्या मागे अंगठा आणि बोटे ठेवून आत दाबायचे आणि सोडायचे. झाकून ठेवलेले दूध साध्या दिवसांत चार तास टिकते. कडक उन्हाळ्यात मात्र तास-दोन तासांत पाजून टाकावे; फ्रिज असेल तर २४ तास चालते. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नको. बोंडल्याची चोचही आतून नीट निघत नाही, वाटीच बरी. कामावर जाण्याआधी, आल्याबरोबर आणि रात्रभर छातीशी घेतले तर दूध टिकते.

पावडरच्या डब्याबद्दल थोडे. काही बाळांना डॉक्टरी कारणाने तो लागतो, त्या आईला कोणी बोल लावू नये. पण ४०० ग्रॅमचा डबा तीन-चार महिन्यांच्या बाळाला आठवडाभरही पुरत नाही. मग घरात दोन चमच्यांच्या जागी एक घातला जातो, पांढरे पाणी पाजले जाते आणि बाळ वाळते. १९९२ च्या कायद्याने अशा डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करणे, आईला फुकट नमुने देणे बंद केले आहे. दवाखान्यात कोणी डबा लिहून दिला तर कारण विचारा आणि ते कागदावर मागा.

बाळ ओढेनासे झाले, निपचित पडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास भरभर चालला, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तळहात-तळपाय पिवळे दिसले तर घुटी-अंगारा न करता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. १०२ किंवा १०८ ला फोन करावा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार तिथे मोफत आहे.

महामायेच्या निधनानंतर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने दूध पाजले. पुढे स्त्रियांना संघात घ्यावे म्हणून आनंदाने रदबदली केली, तेव्हा तथागतांना त्याने या दुधाची आठवण दिली होती. वर्षावासात आपल्या विहारांतून तीन महिने ग्रंथवाचन चालते आणि १ ते ७ ऑगस्टचा स्तनपान सप्ताह त्याच दिवसांत येतो. त्या आठवड्यात रोज वाचनानंतर पंधरा मिनिटे महिला मंडळांनी आशाताईला बोलवावे, कापडाची बाहुली घेऊन पकड करून दाखवायला सांगावी, सासवांना पुढच्या रांगेत बसवावे. आणि विहाराच्या एका कोपऱ्यात कायमचा एक पडदा, एक खुर्ची आणि पाण्याचा माठ ठेवावा, म्हणजे वंदनेला आलेल्या आईला बाळ रडले म्हणून उठून घरी जावे लागणार नाही.